म्हाताऱ्यासमोरचा चितारी

फार फार वर्षांपूर्वी मेक्सिको देशात, एका ज्वालामुखीच्या पायथ्याशी, सान इलारिओ नावाचं गाव होतं. गावकरी त्या डोंगराला नुसतं 'म्हातारा' म्हणायचे. म्हातारा झोपलाय, त्याच्याकडे टक लावून बघू नये, असं तिथं पोरांना बोलायला लागायच्या आधीपासून शिकवायचे.

त्या गावात एक दिवस सेवेरो नावाचा चितारी आला. खेचरावर रंग आणि कापडाच्या गुंडाळ्या. सोबतीला कुणी नाही. मक्याच्या भाकरी विकणारी हासिंता नावाची विधवा होती, तिनं त्याला मागची खोली दिली.

सेवेरो रोज डोंगरासमोर बसायचा. पहाटेचा निळा म्हातारा, दुपारचा राखाडी, मावळतीचा तांबडा. आणलेले रंग संपले, तेव्हा डोंगरावरची राख डिंकात खलून तो स्वतःचा रंग करू लागला. असं म्हणतात, की तो रंग कधी पुरता थंड व्हायचा नाही.

माणसाचं चित्र त्याच्यापाशी एकच होतं, स्वतःचं. दाढी होती, कपाळ होतं, मागे म्हातारा होता. डोळ्यांच्या जागी मात्र कोरं कापड.

"हे असं का?" हासिंतानं विचारलं.

"डोंगर कसा दिसतो ते मला ठाऊक आहे, बाई. त्याच्याकडे बघताना मी कसा दिसतो, ते कुठं ठाऊक आहे?"

तिला काही ते पटलं नाही. पण त्या दिवसापासून जाता-येता ती त्याचे डोळे न्याहाळू लागली.

मग म्हातारा कण्हू लागला. विहिरीचं पाणी कोमट झालं. कुत्री गाव सोडून गेली. ओढ्याच्या कपारीत लपायचं, असं गावानं ठरवलं. आणि एका भर दुपारी, राखेनं ऊन झाकून टाकलं असताना, गावचा मुखिया दोरोतेओ मशाल आणि माणसं घेऊन हासिंताच्या दारात आला.

"चिताऱ्याला बाहेर काढ, हासिंता. बघून बघून त्यानं म्हाताऱ्याला जागं केलंय. चित्रं जाळली की निजेल तो."

हासिंताचे हात पिठानं भरले होते. ती उंबऱ्यावरून हलली नाही. "तो माझ्या घरात राहतो," ती म्हणाली. "आधी मला बाजूला करा."

कुणीतरी दगड उचलला. तेवढ्यात सेवेरो तिच्या मागून बाहेर आला. त्याच्या काखेत चित्रं होती.

"जाळा," तो म्हणाला. "पण आधी बघा."

ज्या क्रमानं काढली त्याच क्रमानं त्यानं ती भिंतीला टेकवून ठेवली. जन्मभर नजर खाली ठेवलेली माणसं पहिल्यांदाच म्हाताऱ्याकडे बघत होती. हासिंता पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत चालत गेली, आणि शेवटच्यापाशी थांबली.

"याचा खांदा सुजलाय," ती म्हणाली. "गावाकडचा."

"तिथूनच फुटणार," सेवेरो म्हणाला. "ओढ्यात जाऊ नका. समोरची टेकडी चढा. आत्ताच."

मग दोरोतेओनं मशाल मातीत विझवली, आपल्या आईला पाठीवर घेतलं, आणि गाव निघालं.

हासिंतानं वळून पाहिलं. सेवेरो चौकात चित्र टेकवायची लाकडी घोडी मांडत होता.

"चला ना," ती म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढं. आज तो माझ्याकडे बघतोय."

टेकडीवरून तिनं सगळं पाहिलं. म्हाताऱ्याचा खांदा फाटला. आगीच्या लोंढ्यानं ओढा भरला, मग तो गल्ल्यांत शिरला, मग चौकात. चौकात एक ठिपका होता आणि त्याचा हात हलत होता. असं म्हणतात, की लोंढा त्या ठिपक्यापाशी थबकला, आणि दुभंगून दोन्ही अंगांनी निघून गेला. हासिंता सांगायची, तो थबकला तेवढा वेळ तिलाही श्वास घेता आला नाही.

दगड निवल्यावर लोक परतले. दोन काळ्या भिंतींच्या मधोमध चौक तेवढा शाबूत होता. घोडीवर सेवेरोचं स्वतःचं चित्र होतं, अजून ओलं. कोऱ्या जागी डोळे रंगवून झाले होते. सेवेरोचं मात्र हाडही सापडलं नाही, बूटही नाही.

"रागावलेले दिसतात," दोरोतेओ म्हणाला.

हासिंता बराच वेळ त्या डोळ्यांकडे बघत राहिली. "भ्यालेले आहेत," ती म्हणाली. "पण हटलेले नाहीत."

अजूनही म्हातारा गुरगुरला, की सान इलारिओचे लोक ते चित्र चर्चमधून काढतात आणि चौकात डोंगराकडे तोंड करून ठेवतात. शेजारी कापडात गुंडाळलेल्या गरम भाकरी ठेवतात. घराघरातून एकेक जण येऊन चौकटीला हात लावतो. मग कुणीही न रेंगाळता सगळे टेकडीची वाट धरतात. वाटेत थोरली माणसं धाकट्यांना बजावतात, मागं थांबायचं नाही. थांबणारा एक होऊन गेला, तेवढा पुरे.