हार घातलेला ट्रॅक्टर

ट्रॅक्टर बोलायचे त्या काळी डोंगरावरच्या एका बागेत एक छोटा ट्रॅक्टर राबत असे. दसऱ्याला मालकीण मथुराबाईंनी अवजारं पुजली. कुदळीला हळदीकुंकवाचं बोट लागलं, ट्रॅक्टरला झेंडूचा जाडजूड हार मिळाला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. म्हणाले, "थंडीत हा उभाच राहणार. हार काढू, जुनं तेल बदलू, बॅटरी सोडवून ठेवू."

"काल देव होतो आणि आज माझं पोट फाडता?" ट्रॅक्टर गुरगुरला.

मथुराबाईंना ते पटलं. "राहू द्या मिस्त्री. पुजलेल्याला इतक्यात पाना नको लावायला." त्यांनी हारासकट त्याच्यावर शाल पांघरली.

"मग मला तरी घासून तेल लावा," कुदळ म्हणाली. ट्रॅक्टरला तिची कीव आली.

थंडीत उंदीर आले. त्यांनी शालीचं तोंडभरून कौतुक केलं, मग वायरी कुरतडल्या आणि सीटमध्ये घर केलं. उन्हाळ्यात ट्रॅक्टर काही केल्या सुरू होईना. शेवटी त्याला ढकलत कुंपणापाशी नेलं. पावसात फाटक्या सीटमध्ये हाराचं बी रुजलं.

पुढच्या दसऱ्याला जाडजूड हार कुदळीला मिळाला. त्यासाठी झेंडू शोधत फिरावं लागलं नाही. ट्रॅक्टरवर भरपूर आला होता.