डचेसने ओढली पेंढी

पेंढी काही केल्या हलेना! ओबडाया क्रम्पच्या शेतातला सगळा गहू खळ्यावर जाऊन तीन दिवस झाले, पण रानाच्या मधोमध ती एक पेंढी आपली उभीच. आणि फाटकाबाहेर पडलबी गावच्या वीस-बावीस बाया ओचे खोचून ताटकळत होत्या.

ही गोष्ट इंग्लंडातली, आगगाडी यायच्या आधीची. तिकडे रिवाजच होता, कापणीनंतर रानात गळून पडलेल्या ओंब्या, म्हणजे सरवा, तो गोरगरिबांनी वेचायचा. पण मालकाने रानात एक पेंढी राखणीला ठेवली, तर ती असेपर्यंत कुणी आत शिरायचं नाही. ती मालकाने किंवा त्याच्या घरच्यांनी उचलली, की रान खुलं!

क्रम्पने यंदा ती उचललीच नाही. का? तर सोमवारी त्याला रानात डुकरं सोडायची होती. सगळा सरवा डुकरांच्या पोटात!

"मालक, असं कसं चालेल?" टॅबी कळवळून म्हणाली. टॅबी म्हणजे क्रम्पची डुकरं सांभाळणारी मुलगी, वय वर्षं पंधरा, जीभ मात्र पस्तिशीची. "माझ्या आईला आणि चार भावंडांना थंडीभर याच सरव्याची भाकरी पुरते. ती गेली तर आम्ही खायचं काय?"

"मी काय पेंढी कायमची ठेवतोय?" क्रम्प पोट हलवत म्हणाला. पैज मारायची त्याला भारी खोड. "तूच काढ की! कुणाही माणसाचा पाय रानात पडता कामा नये. दोरी नाही, काठी नाही, आकडा नाही. उद्या सकाळी चर्चची आठची घंटा व्हायच्या आत पेंढी बाहेर आली, तर सरवा तुमचा! नाही आली, तर वर्षभर माझी डुकरं फुकट सांभाळायची. आहे कबूल?"

बायांनी डोक्याला हात लावला. टॅबीने मात्र जरा विचार केला, डुकरांच्या गोठ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "कबूल!" मग बायांमागे उभ्या असलेल्या चर्चच्या पाद्र्याकडे वळली. "पाद्रीबाबा, तुम्ही साक्षीला या हं!"

"अगं बये, उडत जाणार आहेस का?" तिची आई हेस्टर रडकुंडीला आली.

"मी कशाला जातेय?" टॅबी म्हणाली. "मी जागची हलणारसुद्धा नाही!"

सकाळी साडेसातला अख्खं पडलबी फाटकापाशी लोटलं. क्रम्प खुर्ची मांडून बसला होता. शेजारी पाद्रीबाबा घड्याळ घेऊन उभे. एवढ्यात टॅबीने समोरच्या गोठ्याचं दार उघडलं, मग रानाचं फाटकही उघडलं, आणि बाहेर आली डचेस!

डचेस ही क्रम्पची लाडकी डुकरीण. काय ते रूप, काय तो डौल! पोट जमिनीला टेकलेलं, आज-उद्या व्यायची. ती फुसफुसत सरळ रानात शिरली.

"अहो, अडवा तिला! सरवा खाईल!" बाया ओरडल्या.

"खबरदार कुणी अडवलं तर!" क्रम्प खुर्चीतून उठला. "डुकराला थोडीच बंदी आहे? खा गं डचेस, पोटभर खा! वा टॅबी, सोमवारचं काम आजच केलंस!" तो हसून हसून लाल झाला.

पण डचेस खाईना! ओंब्या तुडवत, इकडे तिकडे हुंगत ती थेट पेंढीपाशी गेली, पेंढी तोंडात धरली आणि निघाली की माघारी!

"अरे! अरे! सोड! सोड म्हणतो ना!" क्रम्प धावला.

"मालक, पाय!" टॅबी किंचाळली. "माणसाचा पाय रानात पडायचा नाही!"

क्रम्पचा एक पाय बाहेर, एक पाय अधांतरी! पाद्रीबाबांनी मागून त्याच्या कोटाचं टोक धरून ठेवलं होतं म्हणून बरं. तेवढ्यात डचेस त्याच्या तंगडीखालून पेंढी फरफटत गेली, रस्ता ओलांडून गोठ्यात शिरली आणि पेंढी विस्कटून तिच्यावर ऐसपैस आडवी झाली. घड्याळात आठला सहा मिनिटं कमी!

"हे काय केलंस तिला? चेटूक?" क्रम्प गरजला.

"चेटूक कसलं! काल तिच्या थानात दूध उतरलं. म्हणजे आज विणार, आणि विण्याआधी ती पेंढ्याचं अंथरूण करणार. मी पहाटे गोठा झाडून लख्ख केला, एक काडी ठेवली नाही. मग ती बिचारी पेंढा शोधायला जाणार कुठे?"

"पण डुकरीण माझी आहे!" क्रम्पला एकदम सुचलं. "म्हणजे पेंढी तू काढलीच नाहीस! माझ्या घरच्या डचेसने काढली!"

"अगदी बरोबर, मालक!" टॅबीने झुकून मुजरा केला. "पेंढी मालकाने नाहीतर त्याच्या घरच्यांनी उचलली की रान खुलं, हाच तर आपला रिवाज!"

पाद्रीबाबा खो खो हसत सुटले. बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

"बरं, हरलो! पण माझी पेंढी तरी परत आण!" क्रम्प पुटपुटला.

"अहो मालक, बाळंतिणीच्या अंगाखालचं अंथरूण ओढायचं? तुम्हीच ओढून बघा, ती चावते!"

आता मात्र क्रम्पचंही पोट गदागदा हलू लागलं. डोळ्यांतून पाणी येईतो तो हसला आणि फाटकाला धरून ओरडला, "जा गं बायांनो, वेचा! टॅबी, डचेसला होतील त्यांतली दोन पिल्लं तुझी!"

घंटा वाजली आणि हेस्टर सगळ्यांच्या पुढे रानात धावली. दुपारपर्यंत डचेसला तेरा पिल्लं झाली. टॅबीने त्यातली दोन निवडली, एक लठ्ठ आणि दुसरं त्याहून लठ्ठ.