भ्यालेल्या हातांचा दोर

ज्या साली खडकवेढ्याच्या ओढ्यातले झरेसुद्धा आटले, त्या साली प्रभुशरण महाराज त्या गावी राहत होते. ख्रिस्ती वस्तीच्या टोकाला छोटे प्रार्थनामंदिर होते. त्याच्या पडवीत एक घोंगडी, एक तांब्या आणि पवित्र शास्त्र, एवढाच महाराजांचा संसार. कोणाच्या घरी आजारपण असो की भांडण, महाराज तिथे जाऊन बसत. बोलत थोडे. ते नुसते येऊन बसले तरी माणसाला धीर येई.

मंदिराच्या मागे वस्तीची मंडळी विहीर खोदत होती. वरची माती आणि मुरूम निघाला आणि खाली काळा पाषाण लागला. आता सुरुंगाशिवाय काम पुढे सरकणार नव्हते. पाषाणात पहारीने भोके पाडायची, दारू ठासायची, वाती लावायच्या. मग एकाने खाली थांबून त्या पेटवायच्या आणि वरच्या माणसांनी त्याला दोराने झपाट्याने वर ओढून घ्यायचे. बत्ती देणाऱ्याचा जीव वरच्याच्या मुठीत असतो. म्हणून त्या लोकांत एक रीत होती. दोर कोणी धरायचा, हे खाली उतरणाऱ्यानेच सांगायचे. त्याने घेतलेले नाव मुकादमालाही बदलता येत नसे.

बत्ती द्यायचे काम शांतवनचे. तो डाव्या पायाने लंगडा होता. त्याने नाव घेतले, "अमोस."

सगळे अमोसाकडे वळले. अमोसाच्या तर तोंडचे पाणी पळाले.

शांतवन लंगडा झाला तो याच अमोसामुळे. मागे दुसऱ्या गावच्या विहिरीवर एक बार वेळेआधी उडाला, तेव्हा अमोस दोर सोडून पळाला होता. शांतवन खाली कोसळला. आणि पंचांनी विचारले तेव्हा अमोस म्हणाला, "दोर माझ्या हातात नव्हताच. त्याचीच गाठ सुटली." पुढे त्याला अन्न गोड लागेना. एका रविवारी त्याने मंडळीसमोर उभे राहून खरे काय ते सांगितले. शांतवन लंगडत पुढे आला आणि त्याने अमोसाला पोटाशी धरले. पण लोक काही विसरले नाहीत.

गिदोन मुकादम तर मुळीच नाही. धिप्पाड माणूस, मंदिराच्या मंडळीतला वडीलधारा आणि जिभेचा तिखट. तो मोठ्याने हसला.

"वा रे शांतवन! एक पाय शिल्लक आहे तोही नकोसा झाला का? या दगाबाज यहूदाच्या हाती दोर देतोस?"

"नाव घेतलंय मी, मुकादम."

"घेतलंस ना? मग दोराला पुढं मीसुद्धा लागतो. हा पळाला तर निदान तुझं मढं तरी वर काढता येईल."

लोक हसले. अमोस मान खाली घालून मंदिराकडे गेला. पडवीत महाराज बसले होते आणि शांतवन त्याच्या मागोमाग येत होता.

"दादा, माझं नाव काढून घ्या," अमोस शांतवनला कळवळून म्हणाला. "तुमच्या पाया पडतो. दारूचा नुसता वास आला तरी माझे पाय पळायला बघतात."

"माफ केलं म्हणालो होतो ना तुला?" शांतवन म्हणाला. "आता दोर दुसऱ्याला दिला तर ती माफी नुसती तोंडची झाली."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. सकाळपासून घशाखाली घास उतरला नाही."

अमोसाने महाराजांकडे पाहिले. महाराज म्हणाले, "अमोसा, भीती जाईल म्हणून वाट पाहू नकोस. ती जाणार नाही. भ्यालेल्या हातांनीही दोर धरता येतो. तुम्ही विहिरीवर जा. मी आत प्रार्थनेला बसतो."

ऊन डोक्यावर आले. शांतवन खाली उतरला. दोर काठावरच्या चाकावरून मागे आला होता. गिदोन पुढे उभा, त्याच्यामागे अमोस, बाकीची मंडळी दूर बांधाआड. विहीर अंधाऱ्या घशासारखी दिसत होती. आतून काडी ओढल्याचा आवाज आला. मग दारूचा तो वास वर आला आणि अमोसाचे पाय मागे सरू लागले. त्याने ते पुन्हा जागी आणले.

"बत्ती दिली! ओढा!" खालून हाक आली.

दोघांनी दोर ओढायला सुरुवात केली. शांतवन अर्ध्यावर आला असेल नसेल, तोच खाली एक बार वेळेआधीच उडाला. जमीन हादरली. धूर उसळला. दगडाचा एक कपचा सणकन येऊन गिदोनच्या कानशिलाला चाटून गेला आणि रक्ताची धार लागली. "मेलो रे!" असे ओरडून गिदोनने दोर सोडला आणि तो खडकाआड पळाला.

सगळा भार एकट्या अमोसावर आला. दोर त्याच्या मुठीतून सरसरत निघाला आणि तळहाताची सालटी काढून गेला. त्याने दगडाला टाच लावली. दोर थांबला, पण वर येईना. एकट्याच्याने ओढवत नव्हते. खाली बाकीच्या वाती फुरफुरत होत्या. शांतवन काही बोलत नव्हता. दोर तेवढा थरथरत होता. त्यावरून तो जिवंत आहे एवढेच कळत होते.

तोच वास, तोच धूर. पाय म्हणत होते, पळ.

"प्रभू, मी पळतोय रे!" अमोस रडत ओरडला. "मी पळतोय, मला धर!"

असे ओरडत होता, पण जागचा हलला नव्हता. आणि काय त्या दयाळूची करुणा! अचानक भार हलका झाला. पाठीमागून कोणीतरी दोराला लागल्यासारखा दोर वर येऊ लागला, हातामागून हात, सावकाश, न थांबता. अमोसाला मागे वळून पाहण्याचा धीर झाला नाही. गिदोनने मात्र खडकाआडून पाहिले. अमोसाच्या मागे माणूस कोणी नव्हता. पण दोराचे जे टोक जमिनीवर लोळत पडायला हवे, ते कमरेइतक्या उंचीवर ताठ ताणलेले होते!

शांतवनचे डोके काठाशी दिसले. अमोसाने त्याला बगलेत धरून ओढले आणि दोघे बांधापलीकडे गडगडत गेले. त्याच क्षणी मागे सगळे बार एकदम उडाले. दगडांचा पाऊस पडला. दोघांपैकी कोणाला एक खडाही लागला नाही.

गिदोन कानशील दाबून मंदिरात गेला. महाराज गुडघ्यांवर होते. दाराशी वस्तीतली सारूबाई बसली होती.

"बाय, महाराज बाहेर आले होते का?" त्याने विचारले.

"नाही हो. इथून हललेच नाहीत. मघाशी एकदा मोठ्यानं कण्हले तेवढं."

महाराजांनी हात उघडले. दोन्ही तळहात सोलून निघाले होते आणि जखमांत अंबाडीचे तंतू रुतलेले होते. विहिरीवरचा दोर अंबाडीचाच होता. ते पाहून गिदोन धाडकन त्यांच्या पायांवर पडला.

"महाराज, मी पळालो! त्याला यहूदा म्हणणारा मी, मीच पळालो!"

महाराज म्हणाले, "ऊठ बाबा. ओढणारा तर प्रभू होता. मला त्याने थोडा हात लावू दिला, एवढंच. माझ्याकडे काय आलास? अमोसाकडे जा. तो उपाशी आहे."

सारूबाईने भाकरी आणि कालवण दिले. ते घेऊन गिदोन शांतवनच्या दारी गेला. अमोस भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या दोन्ही हातांना हळद भरून फडकी बांधली होती. ताट समोर ठेवून त्याला जेवता येणार नव्हते. गिदोन खाली बसला, भाकरी कुस्करली आणि पहिला घास अमोसाच्या तोंडाजवळ नेला.

"तुझ्या जागी मी असतो," तो म्हणाला, "तर हा घास मी थुंकलो असतो."

अमोसाने त्याच्याकडे पाहिले. मग तोंड उघडले आणि घास घेतला.

तेव्हा तो धिप्पाड मुकादम भर वस्तीसमोर वाकला आणि त्याने अमोसाच्या पायांवर डोके ठेवले. अमोसाला त्याला उठवायला हात नव्हते. शांतवननेच लंगडत पुढे होऊन त्याला उठवले.