मौनातले ठोके

आटपाट नगर नव्हतं, दोन खोल्यांचं घर होतं. तिथे कालिंदीकाकू एकट्या राहत. लेकानं परदेशातून हेडसेट पाठवला होता. तो डोळ्यांवर बांधला की काकूंना घरबसल्या देवदर्शन घडे.

हेडसेटला दोन कॅमेरे होते. बाहेरचा म्हणे, "मी सगळं घर बघतो. तुझ्या वाट्याला डोळ्याखालची चिमूटभर कातडी."

आतला म्हणे, "काळजाच्या प्रत्येक ठोक्याला ती जराशी लाल होते. मी ठोके मोजतो."

"पण तुला विचारतंय कोण?"

खरंच, कुणीच विचारत नव्हतं.

श्रावणी सोमवारी काकूंचा उपास होता आणि दिवेलागणीपर्यंत मौन. दर्शन घेताना त्यांच्या छातीत धडधडू लागलं, तरी त्यांनी हाक मारली नाही. बाहेरच्याला समई, देव, सगळं जागच्या जागी दिसत होतं. आतल्यानं मोजलं आणि तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला, "ठोके फार वाढलेत. कुणीतरी या."

शेजारच्या सुलभावहिनी डॉक्टरांना घेऊन धावत आल्या. औषधानं धडधड शांत झाली.

वहिनी म्हणाल्या, "हाक मारायची की हो, काकू. देव काय रागावणार होता?"

काकूंनी नुसते हात जोडले.

दिवेलागणीला मौन सुटलं. काकूंनी पदरानं आतला कॅमेरा हलकेच पुसला आणि पहिला शब्द त्याच्याशीच बोलल्या.

"आता किती आहेत रे, बाळा?"