गोजरबाईचे काचेचे तोरण

माझ्या थोरल्या आत्याचे लग्न झाले त्या वर्षीची ही गोष्ट. रावजीनाथ महाराज तेव्हा आमच्या चिंचकुंडात, नदीकाठच्या पडक्या तेलघाण्यात राहत. गावाने त्या घाण्याचाच मठ केला. भिंती लिंपल्या, छप्पर शाकारले, पाटलांनी सागवानी दार दिले. अक्षय तृतीयेला दार बसवून वर तोरण लावायचे ठरले.

गावात गोजरबाई नावाची कासाराची विधवा होती. नवरा बांगड्या भरायचा. तो गेल्यावर घरात फुटक्या काचांची टोपली तेवढी राहिली. एकेक तुकडा ती दिव्याच्या ज्योतीवर धरी, काच मऊ झाली की चिमट्याने वाकवून कडी करी आणि तिच्यात दुसरी अडकवी. टोपली संपली तशी ती गावभर काचा वेचू लागली. नवरा मेला की बाईच्या बांगड्या नदीकाठी ज्या दगडावर फोडत, तिथल्याही तिने आणल्या. त्या काचांना दुसरे कोणी शिवत नसे. विधवा म्हणून शुभकार्यात तिला बोलावणे नसायचे. महाराजांच्या दारी आपल्या हातचे काही लागावे, एवढेच तिचे मागणे होते.

त्या सकाळी तिने सुपात झाकून तोरण आणले. हिरव्या, तांबड्या, निळ्या कड्यांत ऊन शिरले आणि बाया बघतच राहिल्या. पाटलीण ताराऊंनी शहरातून मोत्यांचे तोरण आणले होते. त्यांना हे सोसले नाही.

“गोजरे, ही काच नदीवरची ना?”

“थोडी आहे तिथली, पाटलीणबाई. पोरांच्या पायात रुतायची.”

“रांडमुंड बायांची काच देवाच्या दारी? मग मांडवाला सरणाची लाकडं का नाही आणलीस?”

बाया हसल्या. गोजरबाई तोरण सुपात ठेवू लागली.

महाराज म्हणाले, “थांब माये. ताराऊ, यातली अशुभ तेवढी काढा. उरलेली लावू.”

ताराऊ निवडायला बसल्या. हिरवी कडी कोणाची, तांबडी कोणाची, काही कळेना. बाया पुन्हा हसल्या, या वेळी त्यांना. त्या चिडल्या आणि त्यांनी तोरण उचलून दगडी उंबऱ्यावर आपटले.

काय सांगावे! लांबच्या देवळात घंटा वाजाव्यात तसा नाद झाला आणि एक कडीही तडकली नाही. आपटताना ताराऊंचा हात मात्र चौकटीला लागला. मनगटातली बांगडी फुटून खाली पडली.

सणाच्या दिवशी सवाष्णीची बांगडी अशी वाढणे म्हणजे धन्याच्या जिवाची धास्ती. शेजारची बाई अंग चोरून बाजूला झाली. ताराऊंचा चेहरा उतरला. “महाराज, मालक गाडी घेऊन घाटात गेलेत,” त्या कशाबशा म्हणाल्या.

गोजरबाई पुढे आली. “मागं सरा पाटलीणबाई, पाय कापेल,” म्हणत तिने तुकडे वेचले. “घेऊ का हे?”

ताराऊंनी मान हलवली. गोजरबाईने मठातल्या समईवर त्या तुकड्यांच्या कड्या केल्या आणि तोरणात जोडल्या. महाराजांनी स्वतः ते दारावर बांधले आणि म्हणाले, “पाटील येतील. इथंच बसा.”

तिन्हीसांजेला पाटील आले, धुळीने माखलेले. “उतारावर बैल बुजले,” ते म्हणाले. “गाडीचं एक चाक दरीत लोंबत होतं. जुवाची दोरी कधीची विरलेली, पण ती तुटली नाही. कशी टिकली, देव जाणे.”

ताराऊ महाराजांच्या पायांवर वाकल्या. महाराज बाजूला सरले. मागे गोजरबाई उभी होती.

“इथं नको,” महाराज म्हणाले. “तिथं.”

ताराऊंनी गोजरबाईच्या पायांवर डोके ठेवले. “माझं चुकलं, बाई.”

गोजरबाई गोंधळली. “उठा, लोक बघताहेत,” एवढेच तिला सुचले.

पुढे पाटलांच्या घरच्या प्रत्येक कार्याचे पहिले बोलावणे तिला जाई. गोजरबाई त्यानंतर चौथ्या वर्षी, कार्तिकात, हिवतापाने वारली. महाराज त्याच वर्षी माघात समाधिस्थ झाले.