मधला सांधा

पवनचक्क्या अजून बोलायच्या, त्या काळची गोष्ट. एका उघड्या माळावरच्या पवनचक्कीचं एक पातं लाकडाच्या दोन फाका डिंकानं चिकटवून केलेलं होतं. फाका सख्ख्या बहिणी, आणि मधला डिंक म्हणजे त्यांचा सांधा.

वादळ येऊन गेलं की दोघी धास्तावून विचारायच्या, "सांधेदादा, धड आहेस ना रे?"

"आहे की," तो म्हणायचा, आणि ते खरंच असायचं.

पण रोजच्या वाऱ्यात पातं वर जाताना किंचित वाकायचं, खाली येताना उलटं वाकायचं. तेवढ्यानंच सांध्याला आत केसाएवढी चीर पडली आणि जराजराशी वाढत गेली. एकदा पात्याजवळून उडणारी टिटवी म्हणाली, "आत काहीतरी टकटकतंय तुझ्या. बहिणींना सांग, घटकाभर थांबतील."

"एवढ्याशा झुळकीचं काय रडगाणं गायचं? हसतील मला," सांधा म्हणाला. कुणी विचारलं असतं, तर त्यानं सांगितलंही असतं. पण साध्या दिवशी कोण विचारतं?

अशाच एका साध्या दुपारी, गवत नुसतं डुलत असताना, पातं उकललं आणि दोन्ही फाका माळावर येऊन पडल्या.

"वादळ तर नव्हतं ना गं?" धाकटीनं विचारलं.

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदाच त्या एकमेकींचं आतलं अंग बघत होत्या. अर्धा सांधा हिला घट्ट चिकटलेला होता, अर्धा तिला. त्यानं दोघींपैकी कुणालाच सोडलं नव्हतं. तो स्वतःच मधोमध फाटला होता.