केरबाच्या जांभईचं कारण

माळवाडीत एक भोळा केरबा होता. भोळी माणसं तशी गावोगाव असतात, पण ती कधीमधी शहाण्यासारखं वागून जातात. केरबाने असा दगा कुणाला दिला नाही. सांगितलेलं तो मन लावून ऐकायचा, जसंच्या तसं ध्यानात ठेवायचा आणि भलत्याच ठिकाणी वापरायचा.

त्याची बायको राही. गुणी बाई, पण बोलायची भरपूर. तिला आईने लग्नात दिलेली एक नथ होती. ती नथ मावसबहिणीच्या लग्नात हरवली होती आणि मग सापडली होती. ही गोष्ट राही आल्यागेल्याला सांगायची. सुरुवात व्हायची मांडव घालण्यापासून. नथ हरवेपर्यंत चुलीवरचा भात शिजून व्हायचा आणि ती सापडेपर्यंत निवून जायचा.

एका संध्याकाळी ती हीच गोष्ट केरबाला सांगत होती. केरबा ओट्यावर बसला होता, समोर म्हैस बांधली होती. नथ नुकतीच हरवली होती. तेवढ्यात केरबाने जांभई दिली. जांभई म्हणजे साधीसुधी नव्हे. तोंड हे एवढं उघडलं, डोळ्यांत पाणी आलं, शेवटी घशातून मोठा आवाजही निघाला. रीतीप्रमाणे तोंडापुढे चुटकी वाजवायची, तीसुद्धा त्याने वाजवली नाही.

राही बोलायची थांबली. "माझं बोलणं ऐकून जांभई येती व्हय तुम्हाला?"

खोटं बोलायचं केरबाला कधी सुचलंच नव्हतं. तो म्हणाला, "तुझं बोलणं चालू हुतं आन् जांभई आली. एवढं खरं."

सकाळी राहीने गाठोडं बांधलं, नथ घेतली आणि माहेरची वाट धरली. जाताना उंबऱ्यातून म्हणाली, "जांभई कशानं आली त्याचं कारण घिऊन या. मला पटलं तर नांदायला यीन."

घर गप्प झालं. केरबाला करमेना. भाकरी तीच, कोरड्यास तेच, पण घास उतरेना. त्यात नथ हरवलेलीच राहिली होती. सापडली कशी हे त्याने आधी कितीतरी वेळा ऐकलं होतं, पण या खेपेला ऐकायचं राहून गेलं याची त्याला चुटपुट लागली. कधी मोरीकडे बघायचा, कधी पिठाच्या डब्यात डोकवायचा. बायकोची एवढी आठवण आपल्याला येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

आईला त्याची दया आली. ती म्हणाली, "लेका, जा आन् सुनेला घिऊन ये. वाटंत शाणीसुरती माणसं भेटतील, त्यांना विचारत जा, जांभई कशानं येती. मला पुसशील तर झोप राहिली की जांभई येती. अशा माणसाला गप निजवावं, वर घोंगडं घालावं. सांगतील ते नीट ध्यानात धर."

"धरतो," केरबा म्हणाला, आणि घोंगडं खांद्यावर टाकून निघाला.

थोडा पुढे गेला तर एक गाडीवान भेटला. गाडीत गुळाच्या ढेपा होत्या, बाजाराला निघाल्या होत्या. गाडीवानाने केरबाला वर घेतलं. ऊन चढलं होतं, रस्ता सरळ होता. गाडीवानाने जांभई दिली.

"मामा, तुमची झोप राहिलीया. निजा."

"झोप कसली रं. दिवसाढवळ्या?"

"निजा म्हंतो ना."

केरबाने त्याला ढेपांना टेकवून आडवा केला, वर घोंगडं घातलं, वर थोपटलंही. माणूस कितीही ताठ असला तरी चालत्या गाडीत कुणी थोपटायला लागल्यावर काय करणार? गाडीवान घोरायला लागला. आता एवढंच झालं की केरबाने कासरा हातात घेतला नाही. कासरा धरायचं आईने सांगितलं नव्हतं. हाकणारं कुणी नाही हे बैलांच्या ध्यानात आलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, शिस्तीत वळण घेतलं आणि घरची वाट धरली.

गाडीवानाला जाग आली तेव्हा गाडी त्याच्याच गोठ्यापुढे उभी होती आणि बायको विचारत होती, "एवढ्यात बाजार उरकला?"

गाडीवानाने घोंगडं केरबाच्या अंगावर फेकलं. "अरे गाढवा, ती जांभई झोपंची न्हवती, कंटाळ्याची हुती. माणूस कंटाळला की जांभया देतो. त्याला निजवत्यात व्हय? त्याच्यापुढं खड्या आवाजात गाणं म्हणावं, डबा बडवावा, म्हंजी गडी कसा ताजातवाना हुतो."

"असं हाय व्हय," केरबा म्हणाला. "मग आमची आई चुकली."

आलेली सगळी वाट त्याने पुन्हा तुडवली. पुढे एका रानात लिंबाच्या फांदीला झोळी बांधली होती. झोळीत तान्हं लेकरू होतं आणि एक म्हातारी झोका देत होती. लेकराने सकाळपासून रडून रान डोक्यावर घेतलं होतं. आई बिचारी पलीकडे खुरपं घेऊन भांगलत होती. म्हातारीचा हात भरून आला होता, आणि आत्ता कुठे लेकराचे डोळे मिटायला लागले होते. त्याने इवलीशी जांभई दिली.

केरबाने ती बघितली. लेकरू कंटाळलंय, हे त्याला लगेच समजलं. बांधावर घमेलं पडलं होतं. ते त्याने उचललं, दगडाने बडवायला सुरुवात केली आणि पोळ्याला बैल मिरवताना म्हणतात ते गाणं वरच्या पट्टीत सुरू केलं.

झाडावरचे कावळे उडाले. लेकराने जो सूर लावला तो ऐकून भांगलणाऱ्या बाया खुरपी टाकून धावत आल्या.

"बघ म्हातारे," केरबा आनंदाने म्हणाला, "कसं ताजंतवानं झालं."

"मुडद्या, तुझं घमेलं घाल चुलीत," म्हातारी म्हणाली. "तान्ही लेकरं कंटाळ्यानं जांभया देत्यात व्हय? त्याला दृष्ट लागली असंल. लेकरू जांभया द्यायला लागलं की मीठ, मोहऱ्या आन् मिरच्या ओवाळून विस्तवात टाकायच्या. मग कुठं ते निवांत पडतं. आता हाय ती दृष्टबी तुझीच लागली असंल."

भाकरीच्या फडक्यात मीठ-मिरच्या होत्याच. म्हातारीने मूठभर जिन्नस काढले, लेकरावरून ओवाळले आणि भाकरी गरम करायला पेटवलेल्या विस्तवात टाकले. बाया तोंडाला पदर लावून बाजूला झाल्या. केरबा हे सगळं डोळे भरून बघत राहिला. ते भरले होते ते मिरच्यांनी. उरलेल्या मिरच्या त्याने मागून घेतल्या.

"कशाला रं तुला?"

"वाटंत लागतील," केरबा म्हणाला.

तिठ्यावर एक हॉटेल होतं. पत्र्याची शेड, पुढे भट्टी, भट्टीवर कढई, कढईत भजी. बाकड्यांवर गिऱ्हाइकं दाटीने बसली होती. भट्टीच्या उबेला एक पिवळं कुत्रं पडलं होतं. एका गिऱ्हाइकाने त्याला हाड् म्हणून पाय उगारला. कुत्र्याने पायाकडे बघितलं आणि लांबलचक जांभई दिली.

केरबा पुढे झाला. "अरारा," तो म्हणाला, "लई कडक दृष्ट हाय."

त्याने मिरच्यांची सगळी मूठ कुत्र्यावरून ओवाळली आणि भट्टीत टाकली.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. हॉटेलात एकही माणूस उरला नाही. कुणी चहा सोडून पळालं, कुणी चहा घेऊन पळालं. मालक तेवढा भट्टी सोडेना, कारण कढईत भजी होती. तो शिंकत होता, खोकत होता आणि मधल्या वेळात केरबाला शिव्या देत होता. धूर जरा विरल्यावर त्याने केरबाची मानगूट धरली.

"कुणी शिकिवलं हे तुला?"

"झोळीवरच्या म्हातारीनं. जांभई आली म्हंजी दृष्ट लागली."

मालकाने कपाळाला हात लावला. "अरे, कुत्र्याची जांभई येगळी. एवढी वर्सं बघतोय मी याला. कुणी अंगावर धावून आलं की ते जांभई देतं. म्हंजी काय, की बाबा, मला भांडायचं न्हाय, तूबी भांडू नगंस. आन् समोरचं कुत्रंबी मग निघून जातं. जनावराला कळतं ते माणसाला कळंना. जा आता, न्हायतर मी कुत्र्यावानी जांभई द्यायचो न्हाय."

केरबाला हे एकदम पटलं. इतका वेळ जे सांगत होते ते सगळे आपापल्या कामात होते. हा माणूस मात्र जांभईचा अभ्यास केलेला दिसत होता.

सासुरवाडीला पोहोचला तेव्हा सासरा अंगणातच उभा होता. हातात काठी होती. ती गुरांसाठी होती, पण आता तिचा विचार बदललेला दिसत होता. सासू जोत्यावर तांदूळ निवडत होती. राही दाराआड उभी होती. तिने केरबाला वाटेवरच बघितलं होतं आणि केस नीट केले होते, पण रागात होती म्हणून बाहेर आली नाही.

"या जावईबापू," सासरा गरजला. "माझ्या लेकीचं बोलणं ऐकून झोपा येत्यात व्हय तुम्हाला? काय समजता काय सवताला?"

सासरा अंगावर आला. केरबाला हॉटेलवाल्याचे शब्द आठवले. त्याने दोन्ही पाय रोवले आणि सासऱ्याच्या तोंडावर, अगदी जवळून, जन्मात दिली नसेल अशी जांभई दिली. या खेपेला चुटकीही वाजवली.

सासऱ्याची कानशिलं लाल झाली. त्याने काठी उचलली, खडसावायला तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. मोठी थोरली जांभई आली होती. काठी खाली गेली. ते बघून सासूला आली. तिने पदराआड तोंड नेऊन भराभर चुटक्या वाजवल्या. गोठ्यात म्हशीने मान वर करून जबडा फाकला. दाराआड राहीने ओठ गच्च मिटून धरले, नाकपुड्या फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी तिलाही आलीच.

सासऱ्याने पुन्हा भांडायचा प्रयत्न केला. "मी काय म्हंतो," तो म्हणाला, आणि त्याला दुसरी आली.

केरबाने दाराकडे बघितलं. अगदी काळजीने विचारलं, "राही, बापाचं बोलणं ऐकून जांभई आली व्हय तुला?"

"न्हाय वो," राही बाहेर येत म्हणाली. "तुमची बघून आली."

केरबा विचारात पडला. असा तो फार क्वचित पडायचा. मग त्याचा चेहरा उजळला. "गावलं कारण. मलाबी त्या दिवशी बघूनच आली हुती. समोर म्हैस हुती. आधी तिनं जांभई दिली, मग मला आली."

राहीचा राग एका क्षणात उतरला. "म्हंजी माझ्या बोलण्यानं न्हवती?"

"न्हाय न्हाय," केरबा म्हणाला. "तुझ्या बोलण्यानं म्हशीला आली. मला म्हशीची लागली."

सासू हसली ती हातातलं सूप सांडेपर्यंत हसली. सासरा तोंड फिरवून हसला. राहीने आधी रागवायचं ठरवलं होतं, पण म्हशीवर काय रुसायचं, असं म्हणून तीही हसायला लागली. केरबालाही बरं वाटलं. हसण्यासारखं काय झालं ते तेवढं त्याला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासऱ्याने गाडी जुंपून दिली, हाकायला गडी दिला. सासूने फडक्यात करंज्या बांधल्या. नथ पुन्हा हरवू नये म्हणून राहीने ती डबीत घातली आणि डबी करंज्यांच्या फडक्यात, मधोमध ठेवून गाठ मारली. मग ती गडीमाणसाच्या पाठीशी पुढे तोंड करून बसली. केरबा मागे पाय सोडून बसला, शेजारी करंज्यांचं फडकं.

"येते मी," राही म्हणाली, "पण एक ऐकून ठिवा. मी बोलत आसंन तवर तुम्ही तोंड उघडायचं न्हाय. काय बी होवो."

केरबाने मान हलवली. बोलून उत्तर दिलं नाही, कारण ती बोलत होती.

गाडी निघाली आणि राहीने मांडव घातला. मावसबहिणीला हळद लागली. वऱ्हाड आलं, मानपान झाले, नथ हरवली. बायांनी ती मोरीत शोधली, गवतात शोधली. केरबा ओठ मिटून कान देऊन ऐकत होता. इतक्या दिवसांनी तो आवाज पुन्हा कानावर पडत होता, आणि त्याला मनापासून बरं वाटत होतं. माळवाडीची वेस आली तशी नथ पिठाच्या डब्यात सापडली. गाडी दारात थांबली तसा राहीने सुस्कारा सोडला.

"अशी गावली बघा माझी नथ," ती म्हणाली. "तवापास्नं मी तिला डोळ्याआड होऊ देत न्हाय. झालं. आता बोला."

"उघडू तोंड?"

"उघडा की."

"तिठ्यावर गाडी खड्ड्यात आदळली आन् करंज्यांचं फडकं खाली पडलं," केरबा म्हणाला.

राही उठून उभी राहिली. "अवं, त्यात नथ हुती. मग उडी मारून उचललं का न्हाय?"

"उचलणारच हुतो," केरबा शांतपणे म्हणाला. "पर त्या पिवळ्या कुत्र्यानं आधी तोंडात धरलं. मी डोळं वटारलं, तर त्यानं फडकं खाली ठेवून मला जांभई दिली. म्हटलं, ते भांडायचं न्हाय म्हंतंय, तर आपण कशाला भांडायचं? मीबी त्याला तोंड मिटूनच जांभई दिली. मग ते फडकं घिऊन निघून गेलं."

राहीचं तोंड उघडलं. ते बराच वेळ उघडंच राहिलं.

केरबाने तिला निरखून बघितलं, मग आईला हाक मारली. "आई, घोंगडं आण गं. हिची झोप राहिलीया."